बिल एलियट: ११ शर्यती जिंकूनही विजेतेपद हुकलं कसं? (नॅस्कार, १९८५ ते १९९२)

आकडेमोड

नॅस्कार म्हणजे अमेरिकेतल्या मोटारशर्यती. त्यांच्या १९८५ च्या विन्स्टन कप मोसमात २८ शर्यती झाल्या. त्यातल्या ११ बिल एलियटने जिंकल्या, डॅरेल वॉल्ट्रिपने ३. विजेतेपद मात्र वॉल्ट्रिपला मिळालं, तेही चांगल्या १०१ गुणांच्या फरकाने (४२९२ विरुद्ध ४१९१). नशीब, दबाव, अनुभव कमी पडला अशी कारणं नेहमी दिली जातात. माझ्या मते उत्तर गुणांच्या तक्त्यात आणि गिअरबॉक्समध्ये आहे, म्हणून हा धागा.

ओळख थोडक्यात. जन्म १९५५, गाव डॉसनव्हिल, जॉर्जिया. वडील जॉर्ज यांनी तिघा भावांना शर्यतीत उतरवलं: बिल गाडी चालवायचा, एर्नी इंजिनं बांधायचा, डॅन गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सांभाळायचा. पहिली मोठी शर्यत फेब्रुवारी १९७६, रॉकिंगहॅम. १९८१ च्या अखेरीस मिशिगनचे हॅरी मेलिंग यांनी संघ विकत घेतला आणि घरच्या कारखान्याला पैशांचं बळ आलं. त्यांचा धंदा ऑइल पंपांचा. पहिला विजय ११६ व्या शर्यतीत, नोव्हेंबर १९८३, रिव्हरसाइड. संपूर्ण कारकीर्द: ८२८ शर्यती, ४४ विजय, ५५ पोल.

आता तक्ता. तेव्हाची गुणपद्धत (१९७५ पासूनची) अशी:

पहिल्याला १७५, दुसऱ्याला १७०. सहाव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकामागे ५ कमी, म्हणजे सहाव्याला १५०. सातव्यापासून अकराव्यापर्यंत ४-४ कमी (अकराव्याला १३०), पुढे ३-३. एक जरी फेरी आघाडीवर काढली तर ५ जादा, सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर काढणाऱ्याला आणखी ५.

म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात मूळ फरक फक्त ५ गुणांचा. पण गाडी बंद पडून ३० वा आलात तर ७३ गुण, दुसऱ्याहून ९७ ने कमी. एका बिघाडाची भरपाई करायला प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहून जवळजवळ २० विजय लागतात, दोन्ही जादा गुण मिळवले तरी ७-८. विजयांची संख्या या पद्धतीत फार वजनदार नाहीच.

डार्लिंग्टनची सदर्न ५०० जिंकली (१ सप्टेंबर) तेव्हा एलियट २०६ गुणांनी पुढे होता आणि ८ शर्यती उरल्या होत्या. त्यानंतर छोट्या ट्रॅकवर गाडी मधल्या फळीत अडकत गेली, नॉर्थ विल्क्सबरोला गिअरबॉक्सने दगा दिला. शेवटच्या रिव्हरसाइडला जाताना वॉल्ट्रिप २० ने पुढे. तिथे एलियटचा गिअरबॉक्स पुन्हा बिघडला, तो ३१ वा (७० गुण), वॉल्ट्रिप सातवा. त्या एका दुपारी ८१ गुण गेले.

पहिल्या पाचांत वॉल्ट्रिप १८ वेळा आला, एलियट १६ वेळा. पहिल्या दहांत २१ आणि १८. तक्ता ह्याच ओळी वाचतो.

चौथा_गिअर

रिव्हरसाइडबद्दल एक भर. टॅलाडेगा किंवा डेटोनाला गाडी पिटमधून (इंधन, टायर, दुरुस्तीची जागा) निघाली की वरच्या गिअरमध्ये जाते आणि पुढच्या पिटथांब्यापर्यंत तिथेच राहते. चार गिअरचा बॉक्स असला तरी त्यातले तीन नुसते फिरत असतात. रिव्हरसाइड हा कॅलिफोर्नियातला डावी-उजवी वळणांचा रोड कोर्स. तिथे प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा गिअर बदलावा लागतो. सिलेक्टर फोर्क (गिअर सरकवणारा चिमटा), डॉग रिंगची (गिअर अडकवणारी कडी) टोकं, गिअर दांड्याची जोडणी यांवर ओव्हलवर (लंबगोल ट्रॅकवर) कधीच न येणारा मार बसतो. फोर्क किंचित वाकला तरी गिअर अर्धवट अडकतो, अर्धवट अडकलेल्या गिअरवर पाय दाबला की दात गोल होतात, आणि मग तो गिअर निसटतच राहतो. चालकाच्या हाताला हे आधी कळतं, पण तोवर दुरुस्तीची वेळ टळलेली असते.

मोठ्या ट्रॅकसाठी बॉक्समधलं वजन आणि घर्षण कमी करायचं तर पातळ तेल, हलके गिअर. रोड कोर्सला नेमकं उलट हवं. १९८५ चे एलियटचे सगळे ११ विजय मोठ्या ट्रॅकवरचे आहेत, यातून त्या कारखान्याचं लक्ष कुठे होतं ते दिसतं.

नवा_वाचक

दोन शंका. पोल म्हणजे काय? आणि या गाड्या खरंच शोरूममधल्या असतात का, कारण 'स्टॉक' म्हणतात?

स्पॅनर

पोल म्हणजे शर्यतीआधीच्या वेळचाचणीत सर्वांत वेगवान ठरून पहिल्या रांगेत आतल्या बाजूला मिळणारी जागा.

'स्टॉक' हे नाव जुन्या दिवसांचं. १९८० च्या दशकात आत पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि पिंजरा, वर फोर्ड थंडरबर्ड (एलियटची गाडी) किंवा जनरल मोटर्सच्या माँटे कार्लोच्या आकाराचा पत्रा. पत्र्याचा आकार कंपनीच्या गाडीशी जुळतो का हे धातूच्या साच्यांनी तपासायचे. इंजिन ३५८ घन इंच, म्हणजे साधारण ५.९ लिटरचा व्ही-८, पुशरॉडचा, वर एकच चार तोंडांचा कार्बुरेटर. मोठ्या ट्रॅकवर इंजिनाचे मिनिटाला ७००० च्या आसपास फेरे, ते सलग अडीच-तीन तास.

इथे आपल्या ओळखीच्या गाड्यांचा अंदाज उपयोगाचा नाही. ७००० फेऱ्यांना प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३५०० वेळा उघडतो. १९८५ ची टॅलाडेगाची ५०० मैलांची (८०५ किमी) शर्यत एलियटने सरासरी ताशी १८६.२८८ मैल वेगाने संपवली, म्हणजे १६१ मिनिटं. गुणाकार केला तर एका व्हॉल्व्हची साडेपाच लाखांहून अधिक उघडझाप. स्प्रिंग तापून तिचा ताण कमी झाला की व्हॉल्व्ह कॅममागे रेंगाळतो, पिस्टन त्याला गाठतो आणि इंजिन संपतं. म्हणून चांगला इंजिनवाला स्प्रिंगांवर तेलाचे फवारे सोडतो, प्रत्येक शर्यतीनंतर स्प्रिंगा बदलतो, आणि नवी स्प्रिंग लावण्याआधी तिचा दाब मोजून जोड्या जुळवतो.

एर्नी एलियटची कमाई ही होती की त्याचं इंजिन ताकदही द्यायचं आणि टिकायचंही. एकेकटी गोष्ट बरेच जण साधत होते.

तिरपी_भिंत

टॅलाडेगा १९८५ चा उल्लेख आलाच आहे तर ती शर्यत नीट उलगडतो. माझ्या मते एलियटच्या कारकीर्दीतला सर्वांत मोठा दिवस तोच, विजेतेपदापेक्षाही.

ट्रॅक २.६६ मैलांचा (४.२८ किमी), वळणांचा उतार ३३ अंश, १८८ फेऱ्या. पोल ताशी २०९.३९८ मैलांचा, म्हणजे ३३७ किमी. शर्यतीचा पहिला चतुर्थांश सरतो न सरतो तोच ऑइल लाइनचं फिटिंग ढिलं होऊन धूर सुटला. पिटमध्ये फिटिंग आवळून गाडी बाहेर येईपर्यंत तो आघाडीच्या गाडीपासून जवळजवळ दोन फेऱ्या मागे पडला होता.

आज एखादी गाडी एक फेरी मागे पडली तर पिवळा झेंडा (ट्रॅकवर धोका असल्याने वेग कमी ठेवण्याचा इशारा) लागल्यावर मागे पडलेल्यांतल्या पहिल्या गाडीला ती फेरी परत मिळते. हा नियम २००३ मध्ये आला. १९८५ मध्ये गेलेली फेरी ट्रॅकवरच वसूल करावी लागायची. एलियटने दोन्ही फेऱ्या पिवळ्या झेंड्याची मदत न घेता भरून काढल्या आणि शर्यत जिंकली.

किती वेगाने? २०० मैलांच्या गतीला एक फेरी ४७.९ सेकंदांची. दोन फेऱ्या म्हणजे सुमारे ९५ सेकंद. दर फेरीत १ सेकंद कमावला तर ९५ फेऱ्या लागतात. एवढ्या लांब ट्रॅकवर, जिथे बाकीचे एकमेकांच्या मागे हवेच्या पोकळीत धावून वेग वाढवत होते, तिथे एकट्याने दर फेरीत साधारण एक सेकंद काढणं ही केवळ ताकदीची गोष्ट नाही. थंडरबर्डची निमुळती नाकाडी आणि कमी हवारोध याचा त्यात निम्मा वाटा मानायला हवा. जनरल मोटर्सने पुढच्याच वर्षी माँटे कार्लो आणि पाँटिअॅकला उतरती मागची काच देऊन नव्या आवृत्त्या काढल्या, त्या याच गाडीला उत्तर म्हणून.

आणि फिटिंग ढिलं का होतं तेही सांगतो. जाळीदार पोलादी होज कडक असतो. इंजिनाचं कंपन एका लयीत चालतं, आणि होज ताणून बसवला असेल तर ते सगळं कंपन नटावर येतं. होजला थोडी सैल कमान ठेवायची, जवळच्या दांड्याला क्लॅम्प करायचा आणि नटाला सेफ्टी वायर घालायची. तीन मिनिटांचं काम आहे.

आकडेमोड

त्याच वर्षाच्या दहा लाख डॉलरचंही इथेच नोंदवतो. डेटोना ५००, टॅलाडेगाची विन्स्टन ५००, शार्लटची ६०० मैलांची शर्यत आणि डार्लिंग्टनची सदर्न ५००, या चारांपैकी तीन जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर, ही योजना १९८५ मध्येच सुरू झाली. एलियटने डेटोना आणि टॅलाडेगा जिंकलं. शार्लटला ब्रेकने त्रास दिला आणि तो १८ वा आला. डार्लिंग्टनला आधी डेल अर्नहार्टची गाडी फिरली, नंतर केल यारबरोची पॉवर स्टिअरिंगची लाइन फुटून धुराचा लोट उठला. एलियट दोन्हींतून सुटला आणि जिंकला. पहिल्याच वर्षी बक्षीस गेलं. नंतर ते फक्त एकदा दिलं गेलं, १९९७ मध्ये जेफ गॉर्डनला.

नवा_वाचक

ताशी २१२ मैलांच्या वेगाचा विक्रम याचाच ना? तो अजून का मोडला नाही? गाड्या तर सुधारल्या असतील.

स्पॅनर

याचाच. ३० एप्रिल १९८७, टॅलाडेगा, ४४.९९८ सेकंद, २१२.८०९ मैल. किलोमीटरमध्ये ३४२.५.

त्या काळी वेळचाचणीची तयारी सर्वसाधारणपणे अशी असे:

इंजिन वेगळं, फक्त काही फेऱ्यांपुरतं बांधलेलं. पिस्टन रिंगा कमी ताणाच्या, तेल पातळ आणि आधी गरम केलेलं, म्हणजे घर्षण कमी. टाकीत जेमतेम इंधन. पुढच्या जाळीवर पट्टी चिकटवायची. हवा रेडिएटरमध्ये न शिरता गाडीवरून सरकून जाते, रोध घटतो आणि पुढची चाकंही दाबली जातात. रेडिएटरला हवा नाही म्हणून पाणी आधीच थंड करून ठेवायचं. या अवस्थेत इंजिन दोन-तीन फेऱ्याच तग धरतं, चौथीत हेड गॅस्केट जाण्याची भीती. चाचणी दोन फेऱ्यांचीच होती, चांगली धरायची, म्हणून हा जुगार परवडायचा.

डेटोनाचे आकडे बघा. १९८५ चा पोल २०५.११४, १९८७ चा २१०.३६४. वेग वाढला अडीच टक्के. हवेविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून त्या अडीच टक्क्यांसाठी ८ टक्के जास्त ताकद लागते, किंवा तेवढा रोध तरी कमी व्हावा लागतो. हाती आला फेरीमागे १.१ सेकंद.

मोडला का नाही त्याचं कारण तीनच दिवसांनी घडलं. ३ मे १९८७ च्या शर्यतीत बॉबी अॅलिसनचं इंजिन फुटलं, तुकड्यांनी मागचा टायर फाटला, गाडी उलटी फिरून हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरच्या जाळीत घुसली. जाळीचा मोठा भाग उखडला, प्रेक्षक जखमी झाले. जाळीच्या तारांनी गाडी परत ट्रॅकवर फेकली नसती तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. त्या वर्षी पुढे डेटोना आणि टॅलाडेगा या दोन ट्रॅकना लहान कार्बुरेटर लावले, आणि १९८८ पासून रिस्ट्रिक्टर प्लेट आली.

प्लेट म्हणजे कार्बुरेटर आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्यामध्ये बसवलेला, चार भोकांचा अॅल्युमिनियमचा पत्रा. १९८८ मध्ये भोक १ इंचाचं (२५.४ मिमी). कार्बुरेटरचं तोंड सुमारे ४३ मिमीचं. क्षेत्रफळ काढलं तर वाट ३५ टक्क्यांवर येते. इंजिनाला श्वासच अपुरा, मग फेरे चढवूनही ताकद वाढत नाही. डेटोनाचा पोल एका वर्षात २१०.३६४ वरून १९३.८२३ वर आला.

२००४ मध्ये रस्टी वॉलेसने टॅलाडेगाला प्लेट काढून चाचणी घेतली, फेरीची सरासरी २२१ मैल आणि सरळ पट्ट्यात २२८. ती अधिकृत स्पर्धा नव्हती, त्यामुळे नोंद एलियटचीच. २०१९ पासून प्लेटच्या जागी निमुळता स्पेसर आहे आणि आजचे पोल १८० मैलांच्या आसपास लागतात. नियम बदलल्याशिवाय हा आकडा हलणार नाही.

चौथा_गिअर

प्लेटचे दुष्परिणामही लिहायला हवेत. सगळ्यांची ताकद एकाच भोकाने ठरली की कोणी कोणापासून सुटत नाही. ३०-४० गाड्या दोन-तीन रांगांत नाकाला शेपूट लावून धावतात, एक चुकली की वीस आदळतात. १९८५ चा एलियट मागून येऊन एकटा सगळ्यांना गाठू शकला, तसं प्लेटच्या काळात शक्यच नव्हतं. आणि ज्या कुटुंबाची खरी ताकद इंजिन बांधण्यात होती, त्यांच्याकडचं मुख्य हत्यारच या नियमाने बोथट केलं.

उलटी फिरलेली गाडी उचलली जाऊ नये म्हणून छतावरच्या झडपा १९९४ मध्ये आल्या. खरा उपाय तो होता, असं माझं ठाम मत आहे.

तिरपी_भिंत

चौथा_गिअर, पूर्ण सहमत नाही. प्लेट आल्याच्या पहिल्याच वर्षी, १९८८ मध्ये, एलियट विजेता ठरला. हत्यार बोथट झालं तर हे कसं?

आकडेमोड

उत्तर त्याच तक्त्यात आहे. १९८८ मध्ये विजय ६ च, पण २९ शर्यतींत पहिल्या दहांत २२ वेळा. विजयांमध्ये ब्रिस्टल आहे, म्हणजे अर्ध्या मैलाच्या छोट्या ट्रॅकवरचा त्याचा पहिला विजय, आणि डोव्हरचे दोन्ही आहेत. छोट्या ट्रॅकवर १९८५ मध्ये जे गुण सांडत होते ते गोळा होऊ लागले.

शेवटची अटलांटाची शर्यत नमुनेदार. एलियट ७९ गुणांनी पुढे. दुसऱ्या क्रमांकावरच्या रस्टी वॉलेसने शर्यत जिंकून सर्वाधिक फेऱ्याही आघाडीवर काढल्या तर त्याला १८५. म्हणजे एलियटला १०७ पुरेसे. १८ व्याला १०९ मिळतात, १९ व्याला १०६. तेव्हा लक्ष्य १८ वा क्रमांक. वॉलेसने खरोखरच १८५ मिळवले. एलियट गाडी सांभाळत ११ वा आला, १३० गुण. ७९ मधून ५५ गेले, उरले २४, आणि विजेतेपद २४ गुणांनीच मिळालं. त्या दिवशी आघाडीसाठी झुंजला असता तर लोकांना बरं वाटलं असतं, पण इंजिन फुटल्यावर ते बरं वाटणं कामाचं नव्हतं.

स्पॅनर

मग १९९२ पण लिहाच. मला तो हिशेब अजून सलतो.

आकडेमोड

१९९२ ला एलियट ज्युनियर जॉन्सनच्या संघात गेला. वर्षाच्या सुरुवातीला सलग चार शर्यती जिंकल्या: रॉकिंगहॅम, रिचमंड, अटलांटा, डार्लिंग्टन. सप्टेंबरच्या डोव्हरनंतर ६ शर्यती उरल्या असताना अॅलन कुलविकी २७८ ने मागे होता. मग एलियटच्या गाडीच्या तक्रारी सुरू झाल्या, फिनिक्सला तर इंजिनामुळे तो ३१ वा आला.

१५ नोव्हेंबर, अटलांटा, ३२८ फेऱ्या. सुरुवातीचे गुण: डेव्ही अॅलिसन ३९२८, कुलविकी ३८९८, एलियट ३८८८. अॅलिसनला पाचवा क्रमांक पुरेसा होता, पण एर्नी अर्व्हनच्या फिरलेल्या गाडीवर तो आदळला आणि दोघे उरले.

एलियटने शर्यत जिंकली: १७५ + ५ = १८०.
कुलविकी दुसरा: १७० + ५ + सर्वाधिक फेऱ्यांचे ५ = १८०.

सकाळी १० गुणांचा फरक होता, संध्याकाळीही १०. शर्यत जिंकून एक गुणही कमी झाला नाही. आघाडीच्या फेऱ्या: कुलविकी १०३, एलियट १०२. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर एलियटला १८५, कुलविकीला १७५, दोघांचे ४०७३. बरोबरीत जास्त विजयांना पसंती, एलियटचे ५, कुलविकीचे २. विजेतेपद एलियटचं.

कुलविकीचा क्रू चीफ (पिटमधल्या पथकाचा प्रमुख) पॉल अँड्र्यूज हा हिशेब शर्यत चालू असतानाच मांडत होता. म्हणून कुलविकी शेवटच्या पिटथांब्यासाठी ३१० व्या फेरीपर्यंत आत आला नाही. आघाडीच्या पुरेशा फेऱ्या खिशात पडल्यावरच आला.

चौथा_गिअर

आणि हे सगळं कुलविकीच्या गाडीचा पहिला गिअर तुटलेला असताना! पहिल्याच पिटथांब्यावर तो गेला होता. वरच्या गिअरमध्ये उभी गाडी उठवायची म्हणजे क्लच सरकवत न्यायची, आणि मागून माणसांनी धक्का द्यायचा. क्लच जास्त सरकला तर जळतो, लवकर सोडला तर इंजिन बंद पडतं आणि बॉक्समधले तुटलेले दात बाकीच्या गिअरांत जायची भीती. त्यामुळे शेवटच्या थांब्यात टायर न बदलता फक्त थोडं इंधन भरलं. ते पूर्ण भरलं की नाही याची खात्री नसताना तो शेवटपर्यंत इंधन जपत दुसऱ्या क्रमांकावर चालवत राहिला. एलियटचा नाही, तरी या धाग्यातला गाडी चालवण्याचा सर्वांत उत्तम नमुना हाच आहे. १ एप्रिल १९९३ ला विमान अपघातात कुलविकी गेला, विजेतेपद मिळून पाच महिनेही झाले नव्हते.

तिरपी_भिंत

हे मान्य. पण एलियटच्या पिटमध्ये हाच हिशेब का झाला नाही, असा दोष द्यायचा असेल तर जपून. शेवटच्या टप्प्यात शर्यत जिंकणं हेही त्यांना आवश्यकच होतं, आणि इंधनासाठी आत येण्याची वेळ लांबवली असती तर मोकळ्या पट्ट्यात गाडी कोरडी पडायचा धोका होता.

उत्तरार्ध थोडक्यात. १९९५ ते २००० स्वतःचा संघ, एकही विजय नाही, १९९६ ला टॅलाडेगाच्या अपघातात मांडीचं हाड मोडलं. २००१ ला रे एव्हर्नहॅमच्या डॉज संघात गेला आणि होमस्टेडला सात वर्षांनी जिंकला. २००२ ला पोकोनो आणि लगेच पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिस. नोव्हेंबर २००३ ला रॉकिंगहॅमचा शेवटचा विजय, म्हणजे जिथे सुरुवात केली त्याच ट्रॅकवर. पुढच्याच आठवड्यात होमस्टेडला शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना टायर गेला. चाहत्यांनी १६ वेळा सर्वाधिक लोकप्रिय चालक निवडल्यावर त्याने स्वतःच मतदानातून नाव काढून घेतलं. मुलगा चेस २०२० चा विजेता.

नवा_वाचक

अटलांटाजवळ राहणाऱ्यांना यातलं काही बघता येतं का?

स्पॅनर

हो. अटलांटाहून जॉर्जिया ४०० ने उत्तरेला साधारण १०० किमीवर डॉसनव्हिल. जॉर्जिया रेसिंग हॉल ऑफ फेम तिथेच आहे. गावातल्या डॉसनव्हिल पूल रूमच्या छतावर भोंगा आहे, एलियट जिंकला की वाजायचा, आता चेस जिंकला की वाजतो. हॉलमध्ये जुनी गाडी दिसली तर खाली वाकून पुढची जाळी आणि नाकाचा उतार बघा, आणि मग शेजारी त्याच दशकातली एखादी जनरल मोटर्सची गाडी असेल तर तिची मागची काच. वर लिहिलेलं निम्मं तिथे पाच मिनिटांत समजतं.